उखळातले आठ दगड

नागपूरच्या त्रिविद्या मंडळाचे पत्र चिचटोल्याच्या प्राथमिक शाळेत ११ जानेवारी १९३७ रोजी, सोमवारी, दुपारी एकच्या सुमारास पोचले. शाळेचे एकमेव मास्तर केशोराव कापगते यांनी ते तिसरीच्या मुलांसमोर उभ्यानेच वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि लगेच पुन्हा काढले. मुलांना पाढे म्हणायला सांगून ते व्हरांड्यात गेले. पाढे एकोणतिसापर्यंत जाऊन थांबले तरी ते आत आले नाहीत.

पत्र मंडळाचे चिटणीस गोवर्धन पारधी यांचे होते. केशोरावांचा ‘एका गावतलावाच्या पाण्याची नऊ वर्षे’ हा लेख मंडळाने स्वीकारला होता. वार्षिकाच्या शास्त्र विभागात तो पहिला यायचा होता. अकरा पानांची मुद्रिते सोबत होती, ती तपासून लवकर परत करायची होती. छपाई अठरा तारखेला सुरू होणार होती.

या मंडळाचे वार्षिक तीन विभागांत निघे: शास्त्र, गणित आणि कलेतिहास. प्रत्येक लेख एकाच विभागात बसला पाहिजे आणि त्या विभागाच्या परीक्षकाने तो मान्य केला पाहिजे, लेखकांसाठी एवढाच नियम होता. त्या वर्षीच्या यादीत माशाच्या खवल्यांवरच्या वर्तुळांवरून वय काढण्याची रीत होती, जादूच्या चौरसांवर दोन लेख होते, कलेतिहासाच्या तीन लेखांपैकी एक भंडाऱ्याकडच्या जुन्या घरांच्या कोरीव दारचौकटींवर, सचित्र होता. मासे मोजणारा, चौरस मांडणारा आणि चौकटी पाहणारा एकमेकांचे लेख वाचत नसत, पण एका पुठ्ठ्याखाली येण्यात सगळ्यांना मान वाटे.

केशोरावांनी याआधी दोनदा लेख पाठवले होते. तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या जुन्या बांधावर, घोडेस्वार कोरलेले दगड आहेत. त्यांच्या घडणीवरून पार तीन वेळा उंच केली गेली असावी, असा पहिला लेख होता. कलेतिहासाच्या परीक्षकाने तो ‘राजवंशाचा उल्लेख नाही’ म्हणून परत केला. पारीचा बाक जुन्या कोहळ्यांनी नुसत्या दोरीने कसा आखला असेल, याचा दुसरा लेख गणिताच्या परीक्षकाने ‘सिद्धता नाही’ एवढ्या दोन शब्दांवर परत केला. केशोराव स्वतः कोहळी. तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातला माणूस तलावाबद्दल लिहितो आणि त्याला कोणत्याच खान्यात जागा मिळत नाही, हे त्यांना सहा वर्षे सलत होते. आता जागा मिळाली होती, तीही पहिली.

मिळाली ती पाण्याच्या आकड्यांमुळे.

तलावातून शेतांकडे पाणी सोडायच्या दाराला तुडुम म्हणतात. तिथे पाण्याखालच्या पायरीत एक जुने दगडी उखळ पक्के बसवलेले होते. जून १९२८ मध्ये केशोरावांनी त्यात दहा फुटी सागवानी खांब उभा करून पाचरा मारल्या होत्या. खांबावर इंचाला एक असे एकशेवीस खिळे होते, दर बारावा पितळी. पाणी वाटणारा पाणकर बिसराम रोज सकाळी पारीवरून उघडे खिळे मोजायचा आणि शाळेत येऊन सांगायचा. केशोराव तो आकडा मुलांच्या हजेरीआधी वहीत लिहायचे. मुलेही म्हणायची, पहिली हजेरी पाण्याची. साकोलीच्या पर्जन्यमापकाचे आकडे मागवून कमीजास्त पावसाचा हिशेब त्यांनी वजा केला होता. तरीही दर उन्हाळ्यात पाणी थोडे अधिक खाली जात होते. आठ वर्षांत सुमारे सात इंच. पारीखालून पाणी झिरपते, असा त्यांचा निष्कर्ष होता. परीक्षकाने समासात लिहिले होते, ‘आकड्यांची सलगता विलक्षण.’

रात्री जेवताना त्यांनी हे वाक्य अनसूयाबाईंना वाचून दाखवले.

“सलगता म्हंजे?” बायकोने विचारले.

“एकामागं एक, बरोबर. कुठं तुटत नाही.”

“मंग त्यात बिसरामचं नाव टाकलं का? थोच मोजते ना रोज.”

“शेवटी आभार आहेत.”

“शेवटी,” अनसूयाबाई म्हणाल्या आणि भात वाढला.

मंगळवारी सकाळी बिसराम आला नाही. पौषाचे दिवस होते, गावभर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती. केशोरावांच्या घरचे खळेही आजच लागायचे होते. दरवर्षी त्या दिवशी ते शाळा अर्ध्यावर सोडून खळ्यात जात. या वर्षी मुद्रिते तपासायची म्हणून त्यांनी धाकट्या भावाला पुढे केले होते. पण मुद्रितांवर मन ठरेना. एका पानावर स्वतःचे नाव छापलेले होते आणि त्या पानाच्या पुढे ते जात नव्हते. शेवटी त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलीला वर्गावर बसवले, पत्र आणि आभाराचे मुद्रित पान खिशात घातले आणि पारीकडे निघाले. बिसरामचा आकडाही घेता येईल आणि त्याला त्याचे छापील नावही दाखवता येईल.

पारीवर पोचताच त्यांना खांब दिसला. तो पाण्यात नव्हता. पारीवरच्या गवतात धुतलेल्या धोतरावर आडवा ठेवलेला होता. वरपासून खालपर्यंत तेल चोपडलेले, पितळी खिळ्यांना हळद. शेजारी पितळीत मूठभर नवे धान आणि एक चपटा दगड, त्यालाही हळद. बिसराम छातीएवढ्या पाण्यात उभा राहून उखळाच्या पाचरा चाचपत होता. साठीचा माणूस, थंडीने ओठ काळे पडलेले.

“या मास्तर,” तो म्हणाला. “मी आज येत नसतो ना. मेढीचा दिवस.”

“हा खांब कोणी काढला?”

“मीच. आनखी कोन काढते?”

“काऊन काढला?”

बिसरामने त्यांच्याकडे नीट पाहिले. मास्तर थट्टा करत नाहीत हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.

“मेढ नुसत्या जुन्या पायावर ठेवत नाईत, मास्तर. तुमाले का सांगू मी? तुमच्या खऱ्यात नाई का बदलवत?”

बदलवत होते. खळ्याच्या मध्ये बैल फिरवायला जो खांब रोवतात ती मेढ. चुरणी सुरू होण्याआधी ती दरवर्षी उपटायची, तेल लावायचे, खाली मूठभर नवे धान आणि हळदीचा एक दगड ठेवून पुन्हा रोवायची. खालचा जुना दगड काढायचा नाही. जुन्या वर्षाच्या पायावर नवे वर्ष चढते, असे बायका गाण्यात म्हणतात. केशोराव लहानपणापासून ते करत आले होते. मागच्या पौषात याच दिवशी त्यांनी आपल्या खळ्यातली मेढ स्वतः रोवली होती.

“ही मेढ नाही, बिसराम. हे माप आहे.”

“पानी मोजते ना? धान मोजाची मेढ तशी पान्याची मेढ. पानी नसन तं धान कुटून येन?” बिसराम हसला. “पयल्या वर्सी तुमी खांब रोवला, पूजा केली नाई. मी मनलो, मास्तर शिकलेले मानूस, इसरले असन. मंग मीच करून राहिलो.”

“किती वर्षं?”

“दरसाल. एक साल नाई चुकलो.” यात त्याला अभिमान होता आणि त्याने तो लपवला नाही.

“आणि दगड? दरवर्षी एक?”

“दरसाल एक.”

“खालचे?”

“खालचे तिथंच. पाय काढत असतेत का?”

केशोरावांनी पत्र, चष्मा आणि पैरण काढून गवतावर ठेवली. बिसराम म्हणाला, मास्तर, पानी लय थंडं आहे. ते पायऱ्या उतरून आत गेले. नऊ वर्षांत त्यांनी या तलावाबद्दल तीनशे पाने लिहिली होती, पण तुडुमाशी पाण्यात पाय घातला नव्हता. खिळे पारीवरून मोजता येत, म्हणून कधी गरजच पडली नाही.

पहिल्या बुडीत हात उखळापर्यंत पोचला नाही. दुसऱ्या बुडीत एक दगड हाती लागला.

“मास्तर, नका काढू,” बिसराम म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. “देवाचे आहेत.”

“मोजून परत ठेवतो. होते तसेच.”

“वरचा खाली नाई झाला पाह्यजे.”

“नाही होणार.”

आठ बुड्यांत आठ दगड निघाले. केशोरावांनी ते ज्या क्रमाने आले त्या क्रमाने पारीवर मांडले, सगळ्यात वरचा डावीकडे, सगळ्यात खालचा उजवीकडे. बिसरामने पळत जाऊन शाळेतली फूटपट्टी आणली, तिच्यासोबत दोन मुलेही आली, त्यांना त्याने हाकलले. ओल्या अंगाने, दात वाजत, केशोरावांनी प्रत्येक दगडाची जाडी मोजली आणि पत्राच्या पाकिटावर लिहिली. खालून वर: पाऊण, एक, अर्धा, एक, मग सात अष्टमांश, पाऊण, एक, सात अष्टमांश. बेरीज पावणेसात इंच.

लेखातले तळ्याचे सात इंच म्हणजे हे होते. पाणी खाली गेले नव्हते. खांब वर आला होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती पाहिल्यावर मात्र ते गवतावर बसले. खालून तिसरा दगड सगळ्यांत पातळ होता, अर्ध्या इंचाचा. तो १९३१ च्या पौषातला. त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा कमी उतरले होते, आणि ते का, याचे कारण लेखाच्या सातव्या पानावर अर्धे पान भरून दिलेले होते. हिवाळी पाऊस, माती फुगणे, झिरपण मंदावणे. कारण चांगले लिहिलेले होते. परीक्षकाने त्याखाली रेघ ओढली होती.

“त्या साली मोठा दगड भेटलाच नाई,” बिसराम म्हणाला. “पातराच टाकलो.”

केशोरावांनी दगड त्याच क्रमाने उखळात परत ठेवले. नववा दगड बिसरामने पितळीतून उचलला, त्यांच्याकडे पाहिले आणि हातातच धरून राहिला.

“ठेवू का नाई?”

“ठेव,” केशोराव म्हणाले. मग म्हणाले, “आधी मोजू दे.”

शाळेत परत येऊन त्यांनी नऊही वह्या काढल्या. प्रत्येक पौषात एक दिवस रिकामा होता. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: बिसराम रजेवर. आठ वर्षांत आठ रजा, आणि प्रत्येक रजेनंतरच्या सकाळी उघडे खिळे आदल्या दिवसापेक्षा एकाने किंवा अर्ध्याने वाढलेले. असा बदल एका दिवसात पाण्यात होत नाही. ते आकडे त्यांनी स्वतः लिहिले होते, दोनदा उतरवले होते, बेरजेला घेतले होते. कुठेच थांबावेसे वाटले नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी दगडांची जाडी प्रत्येक वर्षातून वजा करून पाहिली. उरले ते जवळजवळ शून्य. तलाव जसा होता तसा होता. ही चांगली बातमी होती, आणि त्यांच्या लेखात तिला जागा नव्हती.

“बिसरामले बोलले का?” अनसूयाबाईंनी विचारले.

“कायले बोलू? त्यानं काय केलं?”

“तुमी नाई बोलले तरी थो रडून राहिला. त्याची बायको येऊन सांगून गेली. मनते, मास्तरचं पुस्तक मी बुडवलो.”

केशोराव उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा उठले.

“बसा ना एका जागी,” अनसूयाबाई म्हणाल्या. “कोनाले मालूम आहे हे? तुमाले, बिसरामले आन मले. नागपूरवाल्याईले सपनात येनार आहे का?”

“नाही येणार.”

“मंग?”

ते पुन्हा दाराकडे वळले. उत्तर बाईंनी स्वतःच दिले. “झोप नाई येनार तुमाले. मंग मलेबी नाई. जा, काय थे करून या.”

बुधवारी केशोराव सात मैल चालत सौंदड स्टेशनला गेले आणि चिटणिसांना तार केली. लेख थांबवा, आकडे चूक. गुरुवारी उत्तर आले. गोवर्धन पारधी गोंदियाहून चांद्याकडे जाणार होते. शुक्रवारी त्यांची गाडी सौंदडला इंजिनाला पाणी घ्यायला वीस मिनिटे थांबेल, तेव्हा बोलू.

शुक्रवारी गाडी अकरा मिनिटे उशिरा आली. तेवढ्यात केशोरावांनी फलाटाच्या नऊ फेऱ्या मारल्या. गोवर्धन उतरले. पस्तिशीचा माणूस, जन्म तिरोड्याचा, नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवणारा. दोघे आयुष्यात दुसऱ्यांदा भेटत होते. केशोरावांनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले आणि दगडांचे कोष्टक पुढे केले. गोवर्धननी ते मन लावून वाचले. एकदा हसलेही, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

“सुंदर आहे हो हे,” ते म्हणाले. “तिसरा दगड तर कमालच. गणितवाल्याला आवडेल असं आहे.”

“मग हेच छापा. चार पानं आहेत. मी लिहून आणली आहेत.”

“कोणत्या विभागात?”

केशोरावांनी खिशातली चार पाने बाहेर काढली.

“शास्त्र म्हणावं तर निष्कर्ष काय, की काही झालं नाही. गणित म्हणावं तर बेरीज-वजाबाकी. रूढी म्हणून कलेतिहासात टाकावं तर त्यात कला कुठं आहे? केशोरावजी, मी तुमचे आधीचे दोन्ही लेख वाचलेत. घोडेस्वारांचा लेख मला पसंत होता. पण परीक्षक मी नाही.”

“तर मग काहीच छापू नका. अकरा पानं काढून टाका.”

“काढून टाकली तर शास्त्रात फक्त माशांचा लेख उरतो. एका लेखाचा विभाग होत नाही, हाही नियम आहे. विभाग गेला तर सरकारी मदत जाते, कारण ती शास्त्र विभागापुरतीच मिळते. अठराला छपाई आहे. पाच मार्चला प्रकाशन, पाहुणे ठरलेत.” गोवर्धननी कोष्टक घडी घालून परत दिले. “पुढच्या वर्षी शुद्धिपत्र देऊ. एक ओळ.”

“पुढच्या वर्षीपर्यंत लोक ते खरं मानतील.”

“अरे भाई, कोण वाचतं?” गोवर्धन एकदम हिंदीच्या वळणावर आले. “सच बताऊँ? दोनशे बारा सभासद आहेत. प्रत्येक जण आपला लेख वाचतो, दुसऱ्याचा चाळतो. चौकटीवाल्याला तुमच्या खिळ्यांशी काय घेणंदेणं?”

“तुम्ही वाचला ना?”

इंजिनाची शिट्टी झाली. गोवर्धन पायरीवर चढले. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, मुद्रिते मागितली. केशोरावांनी ती दिली नाहीत. गोवर्धन म्हणाले, हरकत नाही, दुसरी प्रत छापखान्यात आहे. गाडी हलली. परतीच्या सात मैलांत केशोराव कुठेही बसले नाहीत.

मार्चच्या आठ तारखेला वार्षिक आले. निळा पुठ्ठा, दोनशे चाळीस पाने. पहिलाच लेख केशोरावांचा. कोणतीही दुरुस्ती केलेली नव्हती. आभारात बिसरामचे नाव बरोबर छापले होते. केशोरावांनी ते त्याला दाखवले, कारण त्या दिवशी पारीवर दाखवायचे राहून गेले होते. बिसरामने बोट ठेवून ती चार अक्षरे कुठे आहेत ते पाहिले आणि विचारले, “हे खोटं पुस्तक आहे ना?”

“लेख खोटा आहे. पुस्तक नाही.”

“मंग माझं नाव खोट्यात आलं का खऱ्यात?”

यावर केशोराव चार दिवस विचार करत होते असे नाही. पण त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी वार्षिक उलट्या बाजूने उघडले. शेवटच्या नऊ पानांत सभासदांची नावे व पत्ते होते, अकारविल्हे. दोनशे बारा.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टकार्डे घेऊन आले.

पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिले होते: ‘पाणकऱ्याने खांब हलवल्यामुळे माझ्या लेखातील निष्कर्ष चुकला आहे.’ अनसूयाबाईंनी तो ऐकून घेतला.

“हलवल्यामुरं?” त्या म्हणाल्या. “त्यानं हलवला, आन तुमी काय करत होते?”

केशोरावांनी ते कार्ड बाजूला ठेवले. शेवटी ठरलेला मजकूर असा होता: ‘यंदाच्या वार्षिकातील माझ्या लेखात पाणी सात इंच उतरल्याचे म्हटले आहे, ते चूक आहे. मापाचा खांब दरवर्षी पूजेसाठी उचलला जात होता व त्याखाली दगड ठेवला जात होता. आठ दगडांची जाडी पावणेसात इंच भरली. नऊ वर्षे मी पाण्यात उतरून पाहिले नाही. लेख रद्द समजावा.’ खाली नाव आणि गाव.

रोज दहा कार्डे, शाळा सुटल्यावर. अक्षर वळणदार आणि मजकुरात काना-मात्रेचा फरक नाही. तिसऱ्या दिवशी ‘ग’ आला. गोवर्धन पारधी यांचे नाव सभासद म्हणूनही यादीत होते, आडनावाने न लावता पहिल्या नावाने. केशोरावांनी त्यांनाही तेच कार्ड लिहिले. एक शब्द जास्त नाही, कमी नाही.

उत्तर पहिले त्यांचेच आले. तुमच्या वर्तनाने मंडळाची अप्रतिष्ठा झाली आहे, यापुढे आपले लेखन विचारात घेतले जाणार नाही, असे छापील कागदावर होते. खाली शाईने, वेगळ्या घाईच्या अक्षरात: ‘मी असे करायला नको होते. पण पुन्हा तीच वेळ आली तरी बहुधा हेच करीन.’ केशोरावांनी ते पत्र दोनदा वाचले, पहिले पत्र वाचले होते तसेच, उभ्याने. तीन लेख, नऊ वर्षे, आणि आता त्या दाराला कडी. ते व्हरांड्यात जाऊन आले. मग बसून त्या दिवसाची दहा कार्डे पूर्ण केली.

पंधरा दिवसांत आणखी सहा उत्तरे आली. माशांच्या लेखकाने काहीच कळवले नाही. जादूच्या चौरसांवर लिहिणाऱ्या एका वकिलाने रोजचे सगळे आकडे मागितले. शून्य उरते कसे, ते त्याला स्वतः करून पाहायचे होते. तिघांनी नुसते ‘पोचले’ लिहिले. एका निवृत्त इंजिनिअरने उपदेश केला की माप दगडात कोरावे.

सहावे कार्ड दारचौकटींवर लिहिणाऱ्या सद्गृहस्थांचे होते. केशोराव त्यांना कधी भेटले नव्हते. कार्डावर दाट, बारीक अक्षर होते. ‘माझ्या लेखातील दुसऱ्या चित्राखाली जे गाव छापले आहे तेथे मी गेलेलोच नाही. चौकट दुसरीकडची आहे. कुठली, ते मला आठवत नाही. तिच्या घडणीवरून मी दीड पान लिहिले आहे. आपले कार्ड आल्यापासून ते पान उघडवत नाही. कुणाला सांगावे, कसे सांगावे, शब्द जमत नाहीत. आपला मजकूर वापरण्याची परवानगी द्याल काय?’

केशोरावांनी ते अनसूयाबाईंना वाचून दाखवले.

“मोठा मानूस आहे का हा?”

“आहे.”

“मंग त्याले साधं लिवता येत नाई?”

“येतं. सुरुवात होत नाही.”

त्यांनी कोरे कार्ड घेतले. लिहिले: ‘वापरा. आकडे आणि नाव तुमचे घाला. शेवटून दुसरे वाक्य मात्र गाळू नका.’ पत्ता लिहून ते कार्ड वाळत ठेवले. यादी उघडी होती. ‘म’ संपत आला होता, त्यापुढे अजून एकसष्ट नावे होती. केशोरावांनी टाक दौतीत बुडवला आणि पुढचे नाव वाचले.